शेरवुडच्या रानांतील राजभोजन

चित्रांत जें दिसतें तें केव्हांतरी घडलेंच असलें पाहिजे, असा मनुष्याच्या डोळ्यांचा एक भोळा समज आहे. कान इतके भोळे नसतात. आजीच्या तोंडून राक्षसाची गोष्ट ऐकणारें मूलसुद्धां तिला मध्येंच थांबवून "हें खरेंच झालें कां?" असें विचारतें; परंतु तोच राक्षस चित्रांत पाहिला, त्याच्या दंडावरचे केस, हातांतील गदा आणि पायांतील तोडे नीट रेखलेले दिसले, कीं तें मूल हा प्रश्न विचारीनासें होतें. थोर माणसेंही या बाबतींत मुलांहून फारशीं वेगळीं नाहींत. दंतकथेला कुशल चित्रकार भेटला म्हणजे ती हळूच इतिहासाच्या पंक्तीला जाऊन बसते, आणि मग तिला तेथून उठवणें पंडितांसही जड जातें. अशाच एका चित्राची व त्यानें दिलेल्या साक्षीची थोडी उलटतपासणी करावी, असा आजच्या लेखाचा हेतु आहे.

रॉबिन हूड हें नांव आमच्या वाचकांस नवें नाहीं. इंग्रजी शाळेंत शिकलेल्या बहुतेकांना हा हिरव्या वस्त्रांतला तिरंदाज केव्हां ना केव्हां भेटलेलाच असतो. शेरवुडच्या रानांत राहावें, राजाचीं हरणें मारून खावीं, गबर महंतांना व जुलमी अंमलदारांना लुटावें आणि गोरगरिबांना हात द्यावा, असा त्याचा लौकिक. धिप्पाड असूनही 'छोटा' म्हणविणारा जॉन आणि खाण्यापिण्यांत रमणारा टक नांवाचा संन्यासी हे त्याचे सोबती. राजाज्ञेनें बहिष्कृत झालेला हा बंडखोर आणि साक्षात् इंग्लंडचा राजा सिंहहृदय रिचर्ड हे दोघे एकदां रानांत एकत्र जेवले, असें सांगतात. डॅनिएल मॅक्लीज या चित्रकारानें नेमका हाच प्रसंग आपल्या तैलचित्रासाठीं निवडला. 'रॉबिन हूड व त्याचे सोबती शेरवुडच्या रानांत सिंहहृदय रिचर्डचा पाहुणचार करीत आहेत' अशा अर्थाचें लांबलचक नांव धारण करून तें चित्र १८३९ सालीं लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनांत झळकलें.

मॅक्लीज हा जन्मानें आयरिश. १८०६ सालीं कॉर्क शहरीं त्याचा जन्म झाला; तरुणपणीं तो लंडनास आला आणि थोड्याच वर्षांत तेथील नामांकित चित्रकारांत गणला जाऊं लागला. कादंबरीकार डिकन्सचा तो जिवलग मित्र. डिकन्सचें तरुणपणचें प्रसिद्ध चित्र त्यानेंच १८३९ त काढलें. पुढल्याच वर्षीं अकॅडमीनें त्यास पूर्ण सभासदत्व दिलें. उतारवयांत त्यानें पार्लमेंटच्या नव्या इमारतींत दोन प्रचंड भित्तिचित्रें रंगविलीं : एक वॉटर्लूच्या रणांगणावरील वेलिंग्टन व ब्ल्यूखर यांच्या भेटीचें, आणि दुसरें ट्रॅफल्गारच्या लढाईंतील नेल्सनच्या मृत्यूचें. त्याचा हात मोठा रेखीव. माणसांची दाटी असलेले प्रसंग त्याला प्रिय असत, आणि त्या दाटींतील प्रत्येक वस्तु, मग ती चिलखताची कडी असो कीं मद्याचा पेला असो, बोटांनीं चाचपून पाहावी इतकी स्पष्ट काढावयाची, ही त्याची हौस. १८७० सालीं तो वारला.

असल्या वास्तववादी चित्रकाराला पोवाडा गाणाऱ्या शाहिराची सवलत नसते. 'राजा रानांत आला' एवढें म्हणून शाहीर मोकळा होतो. कोणता राजा, त्याची दाढी किती लांब, त्याच्या अंगावरचें शस्त्र कोणत्या शतकांतलें, तो यजमानाच्या उजवीकडे बसला कीं डावीकडे, हें त्याला कोणी विचारीत नाहीं. चित्रकाराला मात्र यांपैकीं एकही प्रश्न टाळतां येत नाहीं. कोऱ्या पटावर राजाच्या तोंडाची जागा रिकामी ठेवून कसें चालेल? म्हणून त्याला उत्तर द्यावेंच लागतें, आणि जें त्याच्या मनांत नुसतें अनुमान होतें तें पाहणाऱ्याच्या मनांत प्रमाण होऊन बसतें. योगायोग असा कीं, याच १८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची छायाचित्रणाची विद्या जगजाहीर झाली. जें समोर असेल तेंच टिपणारी ती पेटी आणि जें कधीं समोर नव्हतें तें तितक्याच बारकाईनें दाखविणारा हा कुंचला, दोन्ही एकाच वर्षीं लोकांपुढें आलीं.

आतां चित्राला आपण पहिला प्रश्न विचारूं : हा रॉबिन हूड होता कोण? इतिहासाच्या कागदांत त्याचा शोध घेतला तर हाताला फार थोडें लागतें. १२२६ च्या सुमारास यॉर्कशायरच्या सरकारी हिशेबांत रॉबर्ट हॉड नांवाच्या एका फरारी इसमाच्या जप्त मालाबद्दल बत्तीस शिलिंग सहा पेन्स जमा धरलेले आहेत. हाच तो रॉबिन असें म्हणण्यास पुरावा नाहीं. मात्र १२६२ त बर्कशायरमधील एका फरारी गुन्हेगाराचें मूळचें नांव बदलून सरकारी कारकुनानें त्याला 'रॉबहुड' हें उपनांव जोडलें आहे. त्यावरून तोंवर हें नांव चोरदरोडेखोरांचें सामान्यनाम बनूं लागलें होतें, एवढा तर्क करतां येतो. पुढें १३७७ च्या सुमारास लँगलंड कवीच्या 'पिअर्स प्लाउमन' या काव्यांत एक आळशी धर्मोपदेशक येतो. त्याला प्रार्थना धड म्हणतां येत नाहीं, पण रॉबिन हूडचीं गाणीं मात्र येतात. म्हणजे या वीराचा लिखित साहित्यांतला पहिला उल्लेख निंदेच्या ओघांत झालेला आहे, आणि त्याचीं गाणीं तेव्हां आधींच घरोघर पोंचलेलीं आहेत.

दुसरा प्रश्न राजाचा. रॉबिनच्या जुन्या गाण्यांतील सर्वांत विस्तृत असें जें 'रॉबिन हूडची गेस्ट' म्हणून काव्य आहे, आणि जें सोळाव्या शतकाच्या आरंभाच्या सुमारास छापलें गेलें, त्यांत राजभोजनाचा प्रसंग आहे खरा. परंतु तेथील राजा रिचर्ड नाहीं, एडवर्ड आहे. कितवा एडवर्ड हेंही कवि सांगत नाहीं. त्या काव्यांतला रॉबिन उमराव नव्हे, साधा यूमन, म्हणजे आपल्याकडील स्वतंत्र कुणब्याच्या जवळपासचा गृहस्थ आहे. आणि त्याचा बराचसा वावर शेरवुडपेक्षां यॉर्कशायरांतील बार्न्सडेल येथें आहे. कर्जानें नाडलेल्या एका सरदाराला तो चारशें पौंड उसने देतो, कारण त्या सरदाराची जमीन यॉर्कच्या मठाचा महंत गिळूं पाहत असतो. पुढें राजा महंताचा वेष घेऊन रानांत येतो, रॉबिन त्याला अडवितो, आणि मग राजाला त्याच्याच हरणांचें मांस मोठ्या आदरानें वाढलें जातें. ओळख पटतांच रॉबिन गुडघे टेकून क्षमा मागतो. यानंतरची गंमत तर फारच बहारीची आहे. राजा रॉबिनपाशीं हिरवें कापड मागून तें अंगावर घालतो, आणि अशा थाटांत सारी टोळी नॉटिंगहॅमकडे निघते. तेव्हां गांवचे लोक राजाला रानदांडग्यांनीं मारलें अशा समजुतीनें वाट फुटेल तिकडे पळत सुटतात! वस्त्र बदललें कीं राजा आणि लुटारू यांत प्रजेला भेद दिसत नाहीं, हा टोमणा त्या अज्ञात कवीला सहज सुचला असेल. पण तो अचूक लागला आहे.

मग एडवर्डचा रिचर्ड झाला कसा? १५२१ सालीं जॉन मेजर नांवाच्या स्कॉटिश इतिहासकारानें आपल्या ग्रंथांत रॉबिनला रिचर्डच्या कारकीर्दींत नेऊन बसविलें. १५९८ मध्यें अँथनी मंडे या नाटककारानें त्याला हंटिंग्टनचा अर्ल, म्हणजे पदच्युत उमराव बनविलें. कारण रंगभूमीवर कुणब्याच्या दुःखापेक्षां उमरावाच्या दुःखाला अधिक भाव असे. रिचर्ड व शेरवुड यांचा प्रत्यक्ष संबंध शोधूं गेलें तर फार थोडे दिवस सांपडतात. धर्मयुद्धाहून परततांना वाटेंत कैद होऊन आणि खंडणी भरून सुटलेला रिचर्ड ११९४ च्या मार्चमध्यें इंग्लंडांत उतरला, त्यानें बंडखोरांकडून नॉटिंगहॅमचा किल्ला घेतला, आणि २९ मार्च रोजीं तो शेरवुडचें रान पाहावयास गेला. तें रान त्यानें पूर्वीं कधीं पाहिलें नव्हतें, व तें त्याला फार आवडलें, असें त्या काळच्या बखरकारानें लिहून ठेविलें आहे. मे महिन्यांत तो समुद्रापलीकडे गेला तो परत आलाच नाहीं. दहा वर्षांच्या राज्यांत सारे मिळून सुमारें सहा महिने ज्यानें आपल्या देशांत काढले, तो प्रजेच्या कल्पनेंत रानोरान हिंडून गरिबांची दाद घेणारा राजा ठरला, यांत एक करुण विनोद आहे. जो राजा जवळ नसतो त्याच्याविषयींच बहुधा लोकांना आशा वाटत राहते.

मॅक्लीजच्या चित्राचा खरा जन्मदाता मात्र सर वॉल्टर स्कॉट होय. १८१९ च्या अखेरीस निघालेल्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरींत त्यानें रिचर्ड आणि रॉबिन यांची रानांतील मेजवानी अशा बहारीनें वर्णिली कीं, त्यानंतर ती खोटी मानावयास कोणी तयारच होईना. पण स्कॉट हा चतुर लेखक होता. त्याच्या मेजवानींत एक सूक्ष्म भय लपलेलें आहे. मद्य चढूं लागतें, राजाच्या लहरी स्वभावाचा रॉबिनला भरंवसा वाटत नाहीं; आपल्या माणसांच्या एखाद्या वेड्यावांकड्या शब्दानें राजाचा क्रोध भडकेल या भीतीनें तो गुपचुप दूर रानांत शिंग फुंकवितो, शत्रु आल्याचा बहाणा करतो आणि पंगत मोडतो. पाहुण्याला घालविण्यासाठीं यजमानास अशी युक्ति करावी लागावी, यांतच त्या स्नेहाची मर्यादा कळून येते. चित्राला हें शिंग ऐकूं येत नाहीं. तें एका क्षणापाशीं थांबतें, आणि तो क्षण नेमका सर्वांत गोड असतो.

या दोघांमधील भांडण होतें तरी कशाचें? इंग्रजीत 'फॉरेस्ट' हा शब्द त्या काळीं नुसत्या झाडीला लावीत नसत. ज्या प्रदेशावर सामान्य कायदा चालत नाहीं, राजाचा खास रानकायदा चालतो, तो फॉरेस्ट. मग त्यांत शेतें असोत कीं गांवें असोत. तेथें हरीण मारणें गुन्हा, हरणाला खाण्यापुरती हिरवी झाडी तोडणें गुन्हा, आणि पाळलेल्या कुत्र्यानें शिकार करूं नये म्हणून त्याच्या पुढच्या पायाचीं तीन नखें छाटणें हा नियम. ११९८ सालीं, म्हणजे याच उदार म्हणून गाजलेल्या रिचर्डच्या नांवानें, हरीण मारणाऱ्याचे डोळे काढावे व त्यास षंढ करावें ही जुनी शिक्षा पुन्हां जाहीर झाली. व्यवहारांत बहुधा दंडावर भागत असे. पण दंड वसूल करणाऱ्या अंमलदाराच्या हातीं ती धमकी असेच. ही शिक्षा कायद्यांतून गेली ती ६ नोव्हेंबर १२१७ रोजीं निघालेल्या रानच्या सनदेनें : यापुढें हरणासाठीं कोणाचा प्राण अथवा अवयव जाऊं नये, असें तींत स्पष्ट आहे. स्कॉटनें ही सनद जॉन राजाकडून घेतली गेली असें लिहिलें आहे. वास्तविक ती त्याच्या मृत्यूनंतर, त्याचा दहा वर्षांचा मुलगा तिसरा हेन्री याच्या नांवानें दिली गेली. राजभोजनाच्या प्रसंगानें जें साधलें असें चित्र सुचवितें, तें यादवी युद्धानें गांजलेल्या राज्यांत वाटाघाटी आणि कलमें यांनीं साधलें. कलमें मात्र चित्रांत सुंदर दिसत नाहींत.

१८३९ सालच्या प्रेक्षकाला हें चित्र गोड कां वाटलें असेल, तें त्या काळाकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. आठ वर्षांपूर्वीं, मतदानसुधारणेचें बिल उमरावांच्या सभेनें फेटाळलें म्हणून नॉटिंगहॅमच्या संतप्त जमावानें त्या बिलाला विरोध करणाऱ्या न्यूकॅसलच्या ड्यूकचा तेथील किल्ल्यावरचा वाडा जाळला होता. चित्र मांडलें गेलें त्याच वर्षीं मजुरांच्या चार्टिस्ट पक्षानें साडेबारा लाखांहून अधिक सह्यांचा अर्ज पार्लमेंटपुढें ठेविला. तो नाकारला गेला, आणि नोव्हेंबरांत वेल्समधील न्यूपोर्ट येथें चालून आलेल्या मजुरांवर सैनिकांनीं गोळ्या झाडल्या. इकडे स्कॉटलंडांत एग्लिंटनच्या अर्लनें ऑगस्टांत जुन्या सरदारी झुंजींचा अपूर्व सोहळा मांडला, आणि पावसानें तो धुऊन काढला. अशा वर्षीं, राजा आणि बंडखोर यांच्यांत केवळ गैरसमज होता, दोघे एकत्र जेवले कीं सर्व कांहीं ठीक झालें, हें सांगणारें चित्र कोणाला सुखवणार नाहीं? मॅक्लीजनें तें हेतुपूर्वक केलें असें आमचें म्हणणें नाहीं. परंतु काळाला जें ऐकावयाचें असतें तें चित्रकाराच्या कुंचल्यांतून पुष्कळदां नकळत उतरतें.

कारण जेतेपणाची किंमत या चित्रकाराला कळत नव्हती असें नाहीं. १८५४ मध्यें त्यानें आपल्या मायभूमीच्या इतिहासांतून स्ट्राँगबो व ईफा यांचा विवाह हा विषय घेतला. ११७० सालीं वॉटरफर्ड पडल्यावर नॉर्मन सरदारानें आयरिश राजकन्येशीं लग्न लावलें, तो हा प्रसंग. तेथें विवाहाच्या पायाशींच पडलेल्या आयरिश लोकांचीं प्रेतें आहेत, शोक करणाऱ्या स्त्रिया आहेत, आणि मान खालीं घालून बसलेला एक वृद्ध वीणावादक आहे. समेटाच्या समारंभाखालीं काय दडपलें जातें तें त्यानें तेथें उघड दाखविलें. शेरवुडच्या पंगतींत मात्र डोळे काढलेला एखादा शिकारी कोपऱ्यांत बसविण्याचें त्याला सुचलें नाहीं.

चित्रानें कथा निश्चित होऊन जाते याचा अनुभव आपणां मराठी वाचकांस घरचाच आहे. १८९४ त राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईस निघाला, आणि त्याच्या रंगीत छापील चित्रांतून लक्ष्मी, सरस्वती घरोघर आल्या; त्यानंतर देवीचा चेहरा डोळ्यांपुढें आणावा तर तोच येतो. आणि रानाच्या कायद्याचा अनुभवही घरचाच. हिंदुस्थानांतील जंगलांचा कडक कायदा १८७८ सालीं ज्यांनीं केला, त्यांचीं मुलें रॉबिन हूडच्या गोष्टी आवडीनें वाचीत होतीं. पांच वर्षांनीं जोतीराव फुल्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, तेव्हां गुराढोरांना चरावयास रान उरलें नाहीं म्हणून जंगलखात्यावर त्यांनीं टीका केली. परदेशच्या रानांतला सातशें वर्षांपूर्वींचा बंडखोर गोड वाटावा, आणि आपल्याच अमलाखालीं सरपणाची मोळी आणणारा गुन्हेगार वाटावा, ही दृष्टि एकाच माणसाची असूं शकते.

आतां त्या जुन्या काव्याकडे परत जाऊं. कारण राजभोजनानें तें संपत नाहीं, आणि आमच्या मतें त्याचें मर्म पुढेंच आहे. राजा रॉबिनला क्षमा करून दरबारीं नेतो. तेथें पंधरा महिन्यांत त्याच्याजवळचें सारें द्रव्य उमरावी इतमामांत खर्च होऊन जातें. एकेक करून सोबती निघून जातात, आणि शेवटीं फक्त दोन उरतात. एके दिवशीं कांहीं तरुणांना तीर मारतांना पाहून त्याला आपले जुने दिवस आठवतात. बार्न्सडेलच्या देवळाला जाऊन येतों, असें सांगून तो राजाकडे सात रात्रींची रजा मागतो. रानांत शिरतो, पांखरांचा किलबिलाट ऐकतो, एक हरीण मारतो, शिंग फुंकतो. आणि सोबती पुन्हां जमतात. सात रात्रींची ती रजा बावीस वर्षें लांबते. राजाचें भय असूनही तो दरबारीं परतत नाहीं.

हें त्या अनाम कवीला ठाऊक होतें, आणि मॅक्लीजच्या चित्रानें विसरावयास लावलें. क्षमा केली म्हणून तक्रारीचें कारण नाहींसें होत नाहीं. हरीण राजाचें कीं रानाचें, हा वाद राजानें तें हरीण आवडीनें खाल्लें म्हणून मिटत नाहीं. पाहुणचार खरा असेल, एकमेकांविषयींचा आदरही खरा असेल. पण पंगत उठल्यावर राजाला राजवाड्यांत आणि रॉबिनला रानांत जावें लागतें.

मॅक्लीजचें तें चित्र आज नॉटिंगहॅमच्याच नगरसंग्रहांत आहे. १८३१ सालीं जमावानें जाळलेल्या किल्ल्यावरील त्या वाड्याच्या भिंती कित्येक वर्षें तशाच उघड्या उभ्या होत्या. पुढें त्या दुरुस्त करून १८७८ त तेथें कलासंग्रहालय उघडण्यांत आलें. राजाच्या अंमलदाराचा किल्ला, मग उमरावाचा वाडा, मग जळकी कवची, आणि शेवटीं सामान्य लोकांनीं येऊन चित्रें पाहण्याची जागा, अशी त्या टेकडीची हकीकत आहे. मॅक्लीजच्या चित्रापुढें उभें राहण्याचा योग ज्यांना येईल त्यांनीं त्याच्या कौशल्याचा आनंद मोकळ्या मनानें लुटावा. मात्र तेथून निघण्यापूर्वीं क्षणभर कान देऊन, दूर झाडींत शिंग वाजतें आहे कीं काय, हेंही ऐकावें.